परवाना फक्त सोनपेठ तालुक्यापुरता

सोनपेठ
९ जानेवारी २०२६

राजी,

वर आशीर्वाद लिहायचा हक्क मला उरला आहे की नाही, ठाऊक नाही. म्हणून नुसतं नाव लिहिते.

तू माझा नंबर बंद करून टाकलास. तुझ्या महारुद्ररावांचा लागतो, पण माझा आवाज ऐकला की ते ठेवून देतात. म्हणून हे पत्र. पोस्टमन सटवाजी म्हणाले, "ताई, रजिस्टर बंद झालं आता. स्पीड पोस्टानं धाडा. सही केल्याबिगर कुनाच्या हातात पडत न्हाई." तेव्हा सही करून घे, मग वाच किंवा ठेव.

आधी कामाचं लिहिते. निबंधक कचेरीनं ऑक्टोबरात आपल्या सावकारीच्या दुकानाच्या तिजोरीला सील लावून ती कचेरीत नेली, हे तुला माहीत आहे. आता नोटिसा निघाल्या आहेत. ज्या बायकांचं सोनं गहाण आहे त्यांनी २७ फेब्रुवारीच्या आत स्वतः कचेरीत यायचं, पावती दाखवायची, आपली वस्तू ओळखायची आणि राहण्याचा पत्ता सांगायचा. सगळं जुळलं तर सोनं तिथल्या तिथं परत. व्याज-मुद्दलाचं कचेरी नंतर बघणार आहे. जी वस्तू ओळखायला कुणी येणार नाही ती बेवारस धरून सरकारी कोशागारात जमा होईल. एकदा तिथं गेलेलं सोनं बाहेर आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

तुमच्या गावच्या सतरा बायकांच्या नोटिसा पावतीवरच्या पत्त्यावर गेल्या. तो पत्ता म्हणजे आपलं माहेर, आप्पांचं घर. तिथं कुलूप. आत शेजारच्या दुकानाच्या खताच्या गोण्या. सटवाजींनी सतराची सतरा पाकिटं माझ्या ओट्यावर आणून ठेवली. पाणी प्यायले आणि गेले. कचेरीतला कारकून हरिओम मात्र भर बाजारात म्हणाला, "वैजयंतीताई, दोन खोल्यांत सतरा बाया कशा काय राहत होत्या हो? पाळीपाळीनं झोपायच्या का?" चहाच्या टपरीवरचे सगळे हसले. मीही हसले, काय करणार.

तर तू एवढं कर. बायकांना पाठव. त्यांनी सांगायचं इतकंच, की आम्ही ऊस तोडायला सोनपेठला आलो होतो, लिंगराज आप्पांच्या घरात भाड्यानं राहत होतो, तेव्हा गहाण ठेवलं. पावत्या तुझ्याच हातानं गेलेल्या आहेत, त्या सगळ्यांकडे असतील. आधार कार्ड दाखवू नका म्हणावं, घरी राहिलं म्हणून सांगा.

पत्त्याची जी गडबड झाली ती कशी झाली, हे आता उकरून काही उपयोग नाही. आणि त्या दिवशी फोन मध्येच तुटला, त्याचा राग धरून बसू नकोस. घरात रेंज येत नाही, तुला माहीत आहे.

तू स्वतः त्यांना घेऊन ये. औरादहून उदगीर, तिथून अहमदपूर-गंगाखेड अशी गाडी मिळते. मी स्टँडवर थांबते. तू ये, राजी.

अक्का


२१ जानेवारी

राजी,

पोच आली. सही तुझीच आहे. पहिल्यांदा कानडीत केलेली पाहिली. माझ्यासाठी केलीस की आता तशीच करतेस?

बारा दिवस झाले, अजून कुणी आलेलं नाही. सकाळी उदगीरकडच्या गाडीच्या वेळेला मी काही ना काही निमित्त काढून स्टँडवर जाते. परवा सोललेला हरभरा घेऊन आले, काल घरात कोथिंबीर असताना पुन्हा घेतली. तुझे दाजी म्हणाले, "भाजी घ्यायला स्टँडवर कशाला जायलीस? दारावर गाडा येतो की."

त्यांना सगळं माहीत आहे, मी कशाला जाते तेही. काल जेवताना ते बोलले. मी तसंच्या तसं लिहिते, कारण तू त्यांना वाईट समजू नयेस.

"वैजू, तू त्या बायांना कशाला बोलावायलीस?"

"त्यांचं सोनं आहे."

"हाय ना. पण नीट ऐक. कुनीच आलं न्हाई, तर तालुक्याबाहेर गहाण घेतलं हे कोन सिद्ध करनार? पत्ता चुकला, दंड भरू, मार्चमध्ये परवान्याचं नूतनीकरण होतंय. आन् आल्या, आन् त्यातली एक जरी खरं बोलली, तर परवाना गेलाच, वर केस. सत्तावीस तारीख निघून जाऊ दे. सगळं निवतंय."

"आणि सोनं?"

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. म्हणाले, "सोनं सतरा जनींचं हाय. पर जेलात जायची पाळी तुझ्या एकटीवर येनार. मग पोराचं शेवटचं वर्ष मी कशावर काढू, माझ्या पगारावर?"

त्यांचं चुकतं असं मला म्हणता आलं नाही. आणखी एक लिहिते, ते मात्र दाजींचं नाही, माझंच आहे. पहिलं पत्र पोस्टात टाकून घरी येताना मला वाटत होतं, तू रागात आहेस, पाठवणार नाहीस कुणाला. म्हणजे मी बोलावल्याचं समाधानही राहील आणि कुणी येणारही नाही. हे मला चालताना सुचलं, गणपतीच्या गल्लीपाशी. मी थांबले नाही. तशीच घरी आले आणि भात टाकला.

तरी रोज स्टँडवर जाते. दोन्ही खरं आहे.

राजी, तुला आठवतं का, दुकानाच्या गादीमागं परवाना चौकटीत लावलेला असायचा. "क्षेत्र : सोनपेठ तालुका." आप्पांना तालुक्याची हद्द नाल्या-ओढ्यासकट पाठ होती. हद्दीपलीकडचं माणूस आलं की ते म्हणायचे, "बस, पानी पी, जेवून जा. गहान न्हाई." पेडगावहून एक जण बायकोच्या पाटल्या घेऊन आला होता, दोन तास बसून होता. आप्पांनी त्याला गाडीभाडं दिलं आणि परत पाठवलं. मी तेव्हा त्यांना निर्दय म्हटलं होतं. पेडगाव तर आपल्याच जिल्ह्यातलं. मी राज्य ओलांडलं.

आता हे लिहिलंच आहे तर पत्त्याचंही लिहिते. गडबड वगैरे काही झाली नव्हती. पावत्या मी लिहिल्या. सतराही. पहिली बायनाबाईंची, चार वर्षांपूर्वीच्या पंचमीला. तू माहेरी आलीस, पर्समधून रुमालाची गाठ काढलीस. "अक्का, तिचा नवरा बिदरला दवाखान्यात हाय. बँक दोन महिने लावायलीय. एवढ्या एकीचं कर." मी पावती लिहायला घेतली तर तू म्हणालीस, "आमच्या गावचा पत्ता का लिहीत न्हाईस?" मी हसले. म्हटलं, "तिकडचा लिहिला तर ही पावतीच फाडावी लागेल." तुला कायदा माहीत नव्हता, मला होता.

आणि ते एकीवर थांबलं नाही, कारण मी थांबवलं नाही. इथं मोठ्या कंपन्यांची सोनेतारणाची दुकानं आली तेव्हापासून आपल्या गादीवर कुणी फिरकत नव्हतं. तुझी रुमालाची गाठ मला हवी असायची. शंभरामागं आठ आणे तुझे, हेही मीच ठरवलं. तू नको म्हणत होतीस. मीच म्हटलं, घरात चार पैसे तुझ्या नावाचे असू देत.

या पत्राला उत्तर नको. बायकांना मात्र पाठव.

अक्का


५ फेब्रुवारी

राजी,

काल तुमच्या गावच्या सिद्धम्माकाकू येऊन गेल्या.

म्हणजे तू माझं पत्र वाचलंस, आणि निरोप दिलास. मी लिहून पाठवलेलं खोटं तू त्यांना शिकवलंस. त्याबद्दल तुझे आभार मानू की तुझी माफी मागू, मला कळत नाही. काकूंनी तुला सगळं सांगितलंच असेल, पण त्यांनी काय सांगितलं नसेल ते मी सांगते.

त्या माझ्याकडे न येता सरळ कचेरीत गेल्या. हरिओमचा फोन आला, "ताई, तुमच्या सतरातली एक उगवलीय. पळा." मी गेले तेव्हा त्या निबंधक मॅडमसमोर खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. पदराच्या गाठीतली पावती टेबलावर उलगडून ठेवली होती. या मॅडम लातूरकडच्या आहेत, नव्या आल्यात, आवाज चढवत नाहीत. मी दाराशीच थांबले.

"मावशी, राहता कुठं?"

"हितंच. सोनपेठात."

"सोनपेठात कुठं?"

"लिंगराज आप्पाच्या घरात. भाड्यानं. ऊस तोडायला आलतो." पाठ केलेलं त्या एका दमात म्हणाल्या.

"शेजारी कोण राहतं?"

काकूंनी पिशवी मांडीवर ओढली. म्हणाल्या, "बसवण्णाचं देऊळ हाय शेजारी."

हरिओम फायलीत तोंड घालून पुटपुटला, "तितं खताचं दुकान हाय."

मॅडमनी आधार मागितलं. घरी राहिलं म्हणायचं काकू विसरल्या. प्रवासाला निघताना कुणी आधार घरी ठेवतं का? त्यांनी पिशवीतून काढून दिलं. मॅडमनी ते पाहिलं, पावतीशेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, "मावशी, यावर तर दुसरं राज्य आहे. तुमच्या वयाच्या बाईनं खोटं बोलू नये हो."

राजी, साठी उलटलेली ती बाई मान खाली घालून बसली. म्हणाली, "मला असंच सांगा म्हनून सांगितलं, बाई. मी आधी न्हाईच म्हनले होते."

"कुणी सांगितलं?"

काकूंनी वर पाहिलं. मी दारात आहे हे त्यांना केव्हाच कळलं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडावर ओढला. मॅडमनी तीनदा विचारलं, पण त्या बोलल्या नाहीत. माझं नाव घेतलं असतं तर त्यांचं काम तिथंच झालं असतं, आणि मी तर त्यांची कुणी नाही.

मॅडमनी पावती परत दिली. म्हणाल्या, पत्ता जुळत नाही, तुम्ही त्याच बाई आहात हे मी कसं मानू?

मी काकूंना घरी आणलं. चहा नको म्हणाल्या. पाणी घेतलं. माझ्या स्वयंपाकघराच्या दाराला टेकून बसल्या आणि त्यांनी विचारलं, "दिवाळीत मी सगळे पैसे फेडले का न्हाई?"

"फेडले काकू."

"मग माझी बोरमाळ कुनाची हाय?"

"तुमची."

"मग मला चोरावानी का बसवलं तितं?"

त्यांची बोरमाळ तू पुढच्या खेपेला नेणार होतीस, आणि मधेच सील लागलं. त्यांच्यावर तर एक रुपयाही नव्हता.

मग त्या तुझ्याबद्दल बोलल्या. म्हणाल्या, "तुझी भैन रोज येती. कानातली फुलं काढून माझ्या उंबऱ्यावर ठेवून गेली. मी परत नेऊन दिली. म्हनलं, माझी बोरमाळ पायजे, तुझी फुलं न्हाई." आणि म्हणाल्या, "अंगणवाडीत बाया पोरं धाडंनात. एकटी बसती, खिचडीवर झाकन ठेवून." आणि मग, जराही राग नसलेल्या आवाजात, "तू फोन ठेवलास आन् ती अंगनात तितंच खाली बसली. उठंना. मीच उठवली धरून."

काकूंना वाटलं, मला ते ठाऊक असेल.

राजी, फोन तुटला नव्हता. रेंज होती. त्या दिवशी सकाळी आम्ही वकिलाकडे जाऊन आलो होतो. ते म्हणाले होते, फोनवर काही कबूल करू नका, हल्ली सगळे रेकॉर्ड करतात. दुपारी महारुद्ररावांचा फोन आला. मागं बायकांचा गलका ऐकू येत होता, म्हणजे त्यांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. ते म्हणाले, "अक्का, एवढंच सांगा ह्या बायांना, की सोनं तुमच्याकडं हाय, राजेश्रीनं खाल्लं न्हाई. एवढंच." फार साधं मागणं होतं. आणि मी म्हणाले, "कोणत्या बायका? माझा परवाना फक्त सोनपेठ तालुक्यापुरता आहे. तालुक्याबाहेर मी व्यवहार करत नाही."

गलका थांबला. मागून तू एकदाच "अक्का" म्हणालीस. तेही मी ऐकलं आणि मग ठेवला.

मी ते वाक्य तीन महिन्यांत कुणाला सांगितलं नाही. दाजींना सांगितलं की बोलणं झालंच नाही. तुला लिहिताना रेंज म्हटलं.

काकूंना संध्याकाळच्या गाडीत बसवलं. तिकीट काढू दिलं नाही त्यांनी.

अक्का


१७ फेब्रुवारी

राजी,

काल मी कचेरीत गेले. एकटी. शिवरात्रीचा उपवास सोडला, दाजी कॉलेजात गेले आणि मी निघाले. खरं सांगायचं ठरवूनच गेले होते.

मॅडमना म्हटलं, पावत्यांवरचे पत्ते खोटे आहेत, मीच लिहिले. बायका पलीकडच्या राज्यातल्या आहेत. त्यांना त्यांच्या खऱ्या पत्त्यावर सोनं द्या आणि माझ्यावर काय करायचं ते करा.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं होतं, त्या लगेच लिहून घेतील. त्या म्हणाल्या, "तुम्ही आज असं म्हणता. उद्या कुणी अठरावी बाई येऊन म्हणेल, बोरमाळ माझी. मला पुरावा लागेल. खरी नावं, खरी गावं तुम्ही कुठं लिहून ठेवली असतील ना?"

लिहून ठेवलेली आहेत. कच्ची वही आहे माझ्याकडे, निळ्या पुठ्ठ्याची, सील लावलं तेव्हा घरी होती. त्यात प्रत्येकीचं नाव, गाव, वस्तूचं वर्णन, सगळं खरं आहे. मी घरी येऊन ती काढली. आणि राजी, प्रत्येक ओळीच्या शेवटी तू आहेस. "रा. आणली." "रा. नेली." "रा.चे आठ आणे." चार वर्षांच्या प्रत्येक पंचमीला आणि दिवाळीला.

वही दिली तर सतराजणींचं सोनं सुटतं, पण तुझं नाव बाहेर येतं. तुमच्याकडे गेल्या साली सावकारीचा नवा कायदा आलाय, तिकडचे लोक चिडलेले आहेत. बिनपरवान्याची दलाल म्हणून तुझ्यावर नोंद झाली तर अंगणवाडी जाईल, ते तर पहिलंच. पुढचं मला लिहवत नाही. वही नाही दिली तर सोनं जातं, आणि गावात तू जन्मभर सोनं खाल्लेली बाई राहतेस.

दाजींना दाखवली. ते बराच वेळ पानं उलटत होते. म्हणाले, "आता तरी गप बसशील का?" मग माझ्याजवळ बसले. "वैजू, मला तुझं कळतंय. खरंच कळतंय. पर हितनं कुठंबी गेलीस तरी कुनाचं तरी घर मोडतंयच."

दहा दिवस राहिले आहेत. मला झोप नाही. भाकरी करताना तव्यावर करपते, वास आल्यावर कळतं. मोठी बहीण म्हणून मी नेहमी तुला सांगत आले, हे कर, ते करू नकोस. एकदा तू सांग. एका ओळीचं पत्र टाक, कानडीत लिही, मी कुणाकडून तरी वाचून घेईन. "वही दे" किंवा "देऊ नकोस". तू जे म्हणशील ते.

नाहीतर ये. काही न बोलता बसलीस तरी चालेल.

अक्का


२३ फेब्रुवारी

राजी,

हे पत्र पोस्टानं नाही, सिद्धम्माकाकूंच्या हाती देते आहे. वाचून झालं की चुलीत टाक. आधीचीही सगळी टाक.

सहा दिवस तुझ्या ओळीची वाट पाहिली. आज सकाळी वाट पाहणं सोडलं. कारण मला कळलं, की मी पुन्हा तेच करते आहे, निवड तुझ्यावर ढकलते आहे. तू "दे" म्हणाली असतीस तर मी म्हटलं असतं, तीच म्हणाली. म्हणून तू लिहिलं नाहीस, हे बरंच केलंस.

पहाटे बंब पेटवला. निळी वही त्यात घातली. पुठ्ठा लवकर जळत नाही, दोनदा रॉकेल टाकावं लागलं. दाजी उठून आले, त्यांनी पाहिलं. त्यांना वाटलं, मी त्यांचं ऐकलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी काही सांगितलं नाही. त्याच पाण्यानं अंघोळ केली आणि काकूंच्या नातवाला फोन केला, काकूंना आजच्या आज पाठव म्हणून. त्याचा नंबर काकू मागच्या वेळी देऊन गेल्या होत्या. मग त्यांची गाडी येईपर्यंत स्टँडवर थांबले आणि दोघी मिळून कचेरीत गेलो.

मॅडमनी विचारलं, "वही?"

"नाही वही. पण प्रत्येकीची वस्तू मी तोंडपाठ सांगते. तुम्ही सील काढा आणि माझं म्हणणं एकेक ताडून बघा. मणी किती, अडकवायचा फासा कसला, कुठं डाग देऊन सांधलंय. मग बायकांना वेगवेगळं विचारा. दोन्ही जुळलं, मग तरी मानाल?"

त्यांनी पंच बोलावले, सील काढलं. मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि सतरा वस्तू सांगितल्या. एकही चुकली नाही. आप्पांनी एवढं तरी शिकवलं होतं. मग काकूंना आत घेतलं. त्यांना विचारलं, बोरमाळेची खूण काय? त्या म्हणाल्या, "फाशापासचा तिसरा मनी चेपलाय. नातीनं दातानं चावलाय." हरिओमनं भिंग लावून पाहिलं. म्हणाला, "मॅडम, दात हायत."

"गाव?" मॅडमनी विचारलं. काकूंनी आपल्या गावाचं नाव सांगितलं. इतक्या मोठ्यानं, की बाहेरचा शिपाई डोकावला.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. मला माहीत होतं, हा प्रश्न येणार.

"दीडशे किलोमीटरवरच्या बायका तुमच्याकडे आपोआप आल्या? मध्ये कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

"वैजयंतीबाई, नीट विचार करा. तुमची बहीण तिकडेच दिलेली आहे, असं इथली माणसं सांगतात."

"दिलेली आहे. पण आमचं बोलणं नाही. मीच गेले होते. बहिणीच्या गावाला म्हणून जायचे आणि घरोघर फिरून वस्तू घ्यायचे. तिला माहीतसुद्धा नव्हतं."

त्यांनी काकूंकडे पाहिलं. "खरंय का, मावशी?"

मी काकूंना काही शिकवून ठेवलं नव्हतं. तेवढं मला पुन्हा करवलं नाही. काकू बोरमाळ हातात धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "व्हय. हीच यायची. माझ्या घरी जेवायची."

राजी, मी तुमच्या गावी दोनदा आले आहे. तुझ्या लग्नात आणि बारशाला.

मॅडमनी समजावून सांगितलं, की हे जबाबात लिहिलं तर गुन्हा इथला तर आहेच, पण परवाना नसताना दुसऱ्या राज्यात जाऊन धंदा केला म्हणून तिकडेही माझ्यावरच होईल. दोनदा म्हणाल्या, "कळतंय का तुम्हाला?" मी हो म्हटलं. त्यांनी लिहिलं, "मी स्वतः सदर गावी वेळोवेळी जाऊन, कोणाच्याही मध्यस्थीशिवाय…" आणि मी सही केली. परवान्याची चौकट हरिओम दुकानातून काढून घेऊन आला.

दाजींना अजून माहीत नाही. ते पाच वाजता येतील. हे पत्र त्याआधी संपवायचं आहे.

आता नीट वाच. राहिलेल्या सोळाजणींना चार दिवसांत पाठवायचं आहे. ते काकू बघतील, त्यांनी शब्द दिला आहे. पावती, आधार आणि आपल्या वस्तूची खूण, एवढं घेऊन यायचं. पत्ता विचारला की आपल्या गावाचा सांगायचा. कुणीही ऊसतोडीचं बोलायचं नाही. आणि त्यांना सांगावं, की अक्का आमच्या घरी यायची. कुणाला हे बोलायला जड जात असेल तर तिनं मुकाट्यानं आपली वस्तू ओळखावी आणि यावं. मी कुणावर जबरदस्ती करत नाही.

तू येऊ नकोस. मी दोन पत्रांत तुला बोलावलं, ते सगळं मागं घेते. बायकांबरोबर येऊ नकोस, त्यांना औरादच्या स्टँडवर सोडायलाही जाऊ नकोस. कचेरीतल्या कुणी तुला माझ्यासोबत पाहिलं, तर मी आज जे बोलले ते सगळं फुकट जाईल. पोलीस आले तर सांग, बहिणीशी माझं बोलणं नाही, तिनं मला भर अंगणात ओळख दिली नाही. सतरा बायका साक्षीला आहेत. सुदैवानं ते खरं आहे.

वकील म्हणतात, केस उभी राहायलाच दोन वर्षं जातील, निकालाला किती ते देव जाणे. तोवर हे असंच राहू दे. माझा नंबर तू बंद ठेवला आहेस, तसाच ठेव. मी दुसऱ्या कुणाच्या फोनवरून करायची नाही असं ठरवलं आहे. पण राजी, मला माझा भरवसा नाही. एखाद्या दिवशी अनोळखी नंबर येईल, आणि पलीकडून कुणी बोलणार नाही. ती मी असेन. ठेवून दे.

अक्का